विलीज ते थार

महिंद्रा थार ही नाशिकमध्ये तयार होणारी गाडी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी लष्करी जीपची थेट वंशज आहे. जुन्या रानगाड्या नव्या चालकांसाठी पुन्हा घडवण्याची लाट गेल्या दहा वर्षांत जगभर आली. इंग्लंडमधल्या सोलिहल कारखान्यातून शेवटची जुनी लँड रोव्हर डिफेंडर २९ जानेवारी २०१६ रोजी बाहेर पडली. तिचा नवा अवतार २०१९ मध्ये दाखवण्यात आला आणि तो स्लोव्हाकियात बनू लागला. अमेरिकेत फोर्डने १९९६ मध्ये बंद केलेली ब्रॉन्को २०२० मध्ये परत आणली. या गाड्या आधी थांबल्या आणि मग नव्याने जन्मल्या. भारतातल्या जीपचे तसे झाले नाही. ती इथे कधी बंदच पडली नव्हती. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून ती या ना त्या रूपात सलग बनत राहिली. बदलले ते तिचे गिऱ्हाईक: आधी सरकार आणि लष्कर, मग खेड्यापाड्यांतले प्रवासी वाहतूकदार, आणि शेवटी शहरातला हौशी मालक. थारचा इतिहास खरे तर या बदलत गेलेल्या गिऱ्हाइकाचा इतिहास आहे.

१९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी लष्कराला टेहळणीसाठी एक हलकी गाडी हवी होती. घोडा आणि साइडकार लावलेली मोटारसायकल यांची जागा तिने घ्यावी, अशी अपेक्षा होती. युरोपात जर्मन सैन्याची मुसंडी सुरू होती, त्यामुळे घाई विलक्षण होती. १३५ कारखान्यांना निविदा धाडण्यात आल्या. चारही चाकांना जोर, पाव टन ओझे वाहण्याची ताकद, वजन फक्त १,३०० पौंड, म्हणजे सुमारे ५९० किलो, आणि पहिला नमुना ४९ दिवसांत, अशा अटी होत्या. वजनाची अट पाळणे कोणालाच शक्य नव्हते आणि पुढे लष्कराने ती २,१६० पौंडांपर्यंत सैल केली. मुदतीत नमुना देण्याची तयारी दाखवली ती पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या अमेरिकन बँटम या छोट्या, जवळजवळ दिवाळखोरीत निघालेल्या कंपनीने. कार्ल प्रोब्स्ट या अभियंत्याने अवघ्या काही दिवसांत आराखडे काढले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, गाडी बाल्टिमोरजवळच्या कँप होलाबर्डमध्ये दाखल झाली.

गाडी पसंत पडली, पण बँटमचा कारखाना लष्कराची भूक भागवू शकेल असा कोणालाही भरवसा नव्हता. म्हणून तिचे आराखडे विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांना दाखवण्यात आले आणि त्यांनीही आपापले नमुने केले. विलीजचा नमुना जड होता, पण बार्नी रूस या मुख्य अभियंत्याने सुधारलेले त्याचे ६० अश्वशक्तीचे इंजिन इतरांहून बरेच जोरदार होते. १९४१ मध्ये कंत्राट विलीजला मिळाले आणि मागणी वाढताच फोर्डही त्याच आराखड्यावर गाड्या काढू लागली. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६ लाख ४० हजार जीपा बनवल्या. ज्या बँटमने मूळ कल्पना उभी केली तिच्या वाट्याला पावणेतीन हजारांच्या आसपास गाड्या आणि त्यानंतर जीपमागे जोडायच्या ट्रेलरचे काम आले. यंत्रांच्या इतिहासात असा अन्याय विरळा नाही, पण इतका उघड क्वचितच झाला असेल.

तपशिलाची एक बाब पुढे एका कायदेशीर वादात गाजली, म्हणून ती इथेच सांगायला हवी. विलीजच्या सुरुवातीच्या गाड्यांना पुढे लोखंडी पट्ट्या वेल्डिंगने जोडलेली जाळी होती. फोर्डने ती एकाच पत्र्यातून ठोकून काढली. उभ्या नऊ खाचा असलेली ही जाळी हलकी आणि स्वस्त होती, म्हणून विलीजनेही ती उचलली. युद्धानंतर १९४५ मध्ये विलीजने शेतकऱ्यांसाठी आणि नागरी वापरासाठी सीजे-२ए ही जीप आणली. तिचे दिवे मोठे असल्याने खाचा नवाच्या सात झाल्या. सात उभ्या खाचा आणि दोन बाजूंना दोन गोल दिवे, हा चेहरा तेव्हापासून कायमचा ठरला.

जीपचे गमक तिच्या ट्रान्स्फर केसमध्ये आहे. साध्या गाडीत इंजिनाचा जोर गिअरबॉक्समधून दोनच चाकांकडे जातो. चिखलात ती दोन चाके घसरली की जागच्या जागी फिरत बसतात आणि गाडी अडकते. जीपमध्ये गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस बसवलेली असते. ती जोर वाटून पुढच्या आणि मागच्या दोन्ही एक्सलना देते. तिचे दुसरे काम म्हणजे लो रेशो. त्यात चाकांचा वेग कमी होतो आणि त्याच प्रमाणात ओढण्याची ताकद वाढते, त्यामुळे लहान इंजिनाची गाडीही खडा चढ चढते. खडा उतार उतरताना इंजिनच ब्रेकचे काम करते आणि चालकाला पायाखालच्या ब्रेकवर भिस्त ठेवावी लागत नाही. जुन्या जीपमध्ये मुख्य गिअरशेजारी यासाठी आणखी दोन लिव्हर असत: एक पुढची चाके जोडायला, दुसरा हाय-लो बदलायला. बाकी गाडी शक्य तितकी साधी होती. चासीच्या दोन पोलादी पट्ट्या, चारही बाजूंना कमानपाटे, दुमडून बोनेटवर आडवी टाकता येणारी काच, डोक्यावर ताडपत्री. दोन एक्सलमधले अंतर ८० इंच. रस्त्याच्या कडेला पान्याने उघडून दुरुस्त करता येईल अशीच तिची रचना होती आणि भारतात ती इतकी टिकली त्याचे निम्मे श्रेय या साधेपणाला द्यावे लागते.

कैलाशचंद्र महिंद्रा युद्धकाळात भारत सरकारच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते. तिथेच त्यांची जीपशी आणि बार्नी रूसशी ओळख झाली. २ ऑक्टोबर १९४५ रोजी त्यांनी आणि त्यांचे बंधू जगदीशचंद्र यांनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासोबत लुधियानात महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. सुरुवातीला तिचा धंदा पोलादाचा होता. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. ते तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा झाले. कंपनीने विलीजकडून सुट्या भागांच्या रूपात जीपा आणायला सुरुवात केली. पहिली तुकडी ७५ गाड्यांची होती. मुंबईत माझगावच्या जागेत हे भाग जोडून गाडी उभी राहू लागली.

पन्नाशीच्या दशकात परकीय चलनाची चणचण वाढली आणि आयातीवर निर्बंध आले. आयात भागांवर अवलंबून राहणारा कारखाना फार काळ चालणार नाही हे स्पष्ट झाले. त्यामुळे १९५४ पासून टप्प्याटप्प्याने इथेच भाग बनवण्याचे काम सुरू झाले. विलीज तोवर कैसर कंपनीच्या हाती गेली होती. भारतात स्थिरावलेली जीप म्हणजे विलीजची सीजे-३बी. उंच बांध्याचे नवे इंजिन मावावे म्हणून तिचे बोनेट वर चढवलेले होते, त्यामुळे गाडी समोरून थोडी ताठ मानेची दिसे. अमेरिकेत सीजे-३बी १९६८ मध्ये बंद झाली. तिथे तोवर गोलाईदार सीजे-५ लोकप्रिय झाली होती. भारतात मात्र हा उंच बोनेटाचा चेहरा पुढची कित्येक वर्षे तसाच राहिला. सुधारणेची घाई नव्हती, कारण स्पर्धाच नव्हती. परवाना पद्धतीच्या काळात गिऱ्हाइकाने गाडीची वाट पाहायची असा रिवाज होता.

त्या काळचे मुख्य गिऱ्हाईक सरकार होते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि विकासगटांची यंत्रणा उभी राहिली. गटविकास अधिकाऱ्याला जिथे जायचे तिथे बहुधा रस्ता नसायचा, बैलगाडीची वाट असायची. महाराष्ट्रात १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या अस्तित्वात आल्या, तसा जीपचा वावर आणखी वाढला. पाटबंधारे, बांधकाम, वन, पोलीस या सगळ्या खात्यांत जीप होती. गावात जीप शिरली की कोणीतरी साहेब आला, एवढे पोरांनाही कळायचे. साखर कारखान्यांचे अध्यक्ष आणि निवडणुकीतले उमेदवारही जीपमधूनच हिंडले. उघड्या गाडीत उभे राहून हात जोडणारा पुढारी हे दृश्य जीपमुळेच रूढ झाले.

लष्करात तिचा दर्जा वेगळाच होता. १९४८ मध्ये लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने केलेल्या जुन्या जीपांच्या खरेदीवरून उठलेले वादळ स्वतंत्र भारतातल्या पहिल्या घोटाळ्यांत गणले जाते, पण जीपची गरज कोणी नाकारली नाही. १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ जीपवर बसवली की पायदळाला रणगाड्याशी झुंजणारे चपळ हत्यार मिळत असे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी अशाच जीपवरून पाकिस्तानी पॅटन रणगाडे उद्ध्वस्त केले आणि ते धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलवर चालणारी जीप परवडेनाशी झाली. सरकारी खात्याचे इंधन सरकार भरत होते, खासगी मालकाचे कोण भरणार? महिंद्राने ट्रॅक्टरच्या घराण्यातली डिझेल इंजिने जीपमध्ये बसवून पाहिली. ती मजबूत आणि काटकसरी होती, पण धडधड इतकी करत की आत बसून बोलणे कठीण. मग फ्रान्सच्या प्यूजो कंपनीकडून डिझेल इंजिनाचा परवाना घेण्यात आला. या इंजिनाचे उत्पादन इगतपुरीत होऊ लागले आणि १९८५ मध्ये ते घेऊन एमएम ५४० ही जीप आली. ही लांबीने थोडी मोठी, प्यूजोच्या २.१ लिटर डिझेलवर चालणारी गाडी आजच्या जीपवेड्यांच्या दृष्टीने भारतीय जीपांमधली सर्वोत्तम आहे. चासी जुनी, इंजिन शहाणे, आणि मध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नाही, हे तिचे कौतुक अवास्तव नाही.

याच काळात गिऱ्हाईक पहिल्यांदा बदलले. चारही चाकांचा जोर नसलेल्या, लांब बांध्याच्या जीपा साठीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून मिळत होत्या. ट्रान्स्फर केस नाही, पुढच्या एक्सलला जोर नाही, म्हणून त्या स्वस्त पडत. ऐंशी-नव्वदच्या दशकांत कमांडर आणि मार्शल या नावांच्या अशा गाड्या खेड्यांत पसरल्या. एसटी जिथे दिवसातून एकदा किंवा दोनदा जायची तिथे जीप भरली की निघायची. पश्चिम महाराष्ट्रात या धंद्याला वडाप म्हणतात. कागदावर दहा प्रवाशांची गाडी प्रत्यक्षात किती जणांना घेऊन जायची याला धरबंध नव्हता. मागच्या आडव्या बाकांवर दाटीने माणसे, पायाशी पोती, मागच्या पायरीवर लोंबकळणारे दोघेतिघे, टपावर सायकल. परवाना नसलेली ही वाहतूक एसटीचे उत्पन्न खाते म्हणून तिच्यावर कारवायाही होत आणि रात्रीच्या दवाखान्याच्या फेऱ्याही तिलाच कराव्या लागत. पुण्याजवळच्या आकुर्डीत बनणारी ट्रॅक्स हीसुद्धा याच धंद्यात उतरली होती. जीपच्या इतिहासातले हे प्रकरण कंपन्यांच्या जाहिरातींत सहसा येत नाही, पण कारखान्याची चाके बराच काळ याच मागणीवर फिरली.

नव्वदीच्या मध्यापासून हे गिऱ्हाईकही जीपपासून दूर जाऊ लागले. १९९४ मध्ये टाटा सुमो आली. तिला पत्र्याचे छप्पर होते, दारे होती, आणि ती दहा जणांना बऱ्यापैकी सुखात नेत असे. २००० मध्ये खुद्द महिंद्रानेच बोलेरो आणली आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ. पोलीस आणि सरकारी खाती हळूहळू बोलेरोकडे वळली. लष्कराने हलक्या कामांसाठी मारुतीची जिप्सी स्वीकारली होती. पेट्रोलवर चालणारी ही गाडी हलकी होती आणि थंडीत पटकन चालू व्हायची. जुन्या बांध्याच्या जीपा कंपनी बनवत राहिली, पण त्यांना डोंगराळ भाग सोडून फारसे विचारणारे उरले नाही.

मात्र एक नवे, संख्येने लहान गिऱ्हाईक याच काळात पुढे आले. सरकारी लिलावातून सुटलेल्या जुन्या जीपा घेऊन, त्या उघडून, नव्याने बांधणारे हौशी लोक मुंबई, पुणे, कोचीन, बंगळूर, चंदीगड अशा शहरांत होते. रविवारी पहाटे निघायचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी पावसाळ्यातला चिखल शोधायचा, गाडी मुद्दाम त्यात घालायची आणि मग दोराने एकमेकांना ओढून काढायचे, हा त्यांचा छंद. ज्या चिखलातून सुटण्यासाठी जीप बनली त्यात हौसेने शिरण्याची ही पद्धत जुन्या वडापवाल्याला वेडगळ वाटली असती. कंपनीने मात्र तिच्यातला धंदा ओळखला आणि नव्वदच्या दशकापासून ग्रेट एस्केप नावाने अशा सहली भरवायला सुरुवात केली. पुढे इगतपुरीजवळ ऑफरोड चालवण्याचे प्रशिक्षण देणारी तिची अकादमीही उभी राहिली.

थार हे नाव ऑक्टोबर २०१० मध्ये आले, ते याच गिऱ्हाइकासाठी. गाडी नवी म्हणावी तर नवी, जुनी म्हणावी तर जुनी. सपाट बोनेट, गोल दिवे, ताडपत्रीचे छप्पर आणि मागे समोरासमोर बाके हे सगळे एमएम ५४० च्या परंपरेतले होते. इंजिन मात्र २.५ लिटरचे, कॉमन रेल पद्धतीचे, १०५ अश्वशक्तीचे, म्हणजे मूळ विलीजच्या पावणेदोन पट ताकदीचे. पुढच्या एक्सलवरचे पाटे जाऊन तिथे प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आले, मागे पाटेच राहिले. खडबडीत वाटेवर ही गाडी जे करी ते तिच्या दुप्पट किमतीच्या गाड्यांना जमत नसे. हमरस्त्यावर मात्र तिची दशा होई. वारा आत येई, पाऊस आत येई, आवाज तर येईच. एअरबॅग नाही, एबीएस नाही. घरातली एकमेव गाडी म्हणून ती घेण्याचे धाडस फार थोडे करीत. २०१५ च्या सुधारणेत आतला भाग थोडा सुसह्य झाला आणि मागच्या एक्सलला आपोआप लागणारे डिफरन्शियल लॉक मिळाले. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत गेले की तेच गरगर फिरते आणि जमिनीवरचे चाक ढिम्म राहते. लॉक लागले की दोन्ही चाके एकत्र फिरतात आणि गाडी सुटते. छंदिष्टांसाठी ही सुधारणा कोणत्याही गादीपेक्षा मोलाची होती.

जुन्या थारचा शेवट कायद्याने ठरवला. २०१९ मध्ये भारतात मोटारींच्या सुरक्षेचे नियम एकामागून एक लागू झाले. एप्रिलपासून एबीएस सक्तीचे झाले. जुलैपासून चालकासाठी एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा इशारा, वेगाची सूचना आणि मागे घेतानाचे सेन्सर आले. ऑक्टोबरपासून आधीच बाजारात असलेल्या गाड्यांनाही धडक चाचण्यांचे निकष लागू झाले, आणि १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ प्रदूषण मानके. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या चासीला हे सगळे पेलणे अशक्य होते. १९८५ पासून चालत आलेली जिप्सी नागरी बाजारातून गेली ती याच नियमांमुळे. महिंद्राने २०१९ मध्ये शेवटच्या ७०० गाड्यांची थार ७०० ही आवृत्ती काढून जुन्या थारला निरोप दिला. जिप्सी संपली आणि थार उरली याचे कारण एवढेच, की महिंद्राने पैसे घालून गाडी तळापासून नव्याने बांधायचे ठरवले आणि मारुतीने जिप्सीसाठी तसे केले नाही.

नवी थार १५ ऑगस्ट २०२० रोजी दाखवण्यात आली आणि २ ऑक्टोबरला, कंपनीच्या पंचाहत्तराव्या वर्धापनदिनी, विक्रीला आली. महिंद्राच्या डिझाइन विभागाच्या तेव्हाच्या प्रमुख रामकृपा अनंतन यांच्या देखरेखीखाली तिचा आकार ठरला. जुन्या गाडीतला एकही पत्रा नव्या गाडीत नव्हता, तरी दुरून पाहणाऱ्याला ती जीपच वाटावी हे त्यांनी साधले. चासीवर स्वतंत्र बांधा बसवण्याची जुनी पद्धत ठेवली, ट्रान्स्फर केसचा हाताने ओढायचा लिव्हर ठेवला, बाहेर दिसणारे बिजागरही ठेवले. पाटे मात्र पूर्ण गेले आणि मागेही कॉइल स्प्रिंग आल्या. २.२ लिटरचे १३० अश्वशक्तीचे डिझेल आणि, जीपच्या भारतीय इतिहासात कैक वर्षांनी, पेट्रोल: २ लिटरचे, टर्बो असलेले, १५० अश्वशक्तीचे. सहा गिअरची ऑटोमॅटिक पद्धतही मिळू लागली. जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जाण्याची क्षमता ६५० मिलिमीटर, समोरून चढण्याचा कोन जवळपास ४२ अंश. हे आकडे जुन्या थारला लाज आणणारे नव्हते, उलट काही बाबतींत सरस होते.

पण विक्री फिरवली ती या आकड्यांनी नव्हे. कारखान्यातूनच बसून येणारे पत्र्याचे टणक छप्पर आणि समोर तोंड करून बसायच्या मागच्या सीटा, या दोन गोष्टींनी ती फिरवली. त्यांच्यामुळे थार घरची गाडी होऊ शकली. टचस्क्रीन आली, दोन एअरबॅगा आल्या, गाडी घसरू न देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आली. नोव्हेंबर २०२० मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला प्रौढ आणि बाल दोन्ही प्रवाशांच्या सुरक्षेसाठी पाचपैकी चार तारे मिळाले. पहिल्या यादीत आडव्या बाकांची, सहा जणांची स्वस्त आवृत्तीही होती, ती मात्र लवकरच मागे घेण्यात आली. वडापच्या बाकांची परंपरा तिथे संपली. पहिल्या गाडीचा ऑनलाइन लिलाव झाला आणि ती १ कोटी ११ लाख रुपयांना गेली. ही रक्कम कोरोनाच्या मदतकार्यासाठी देण्यात आली. मार्च २०२३ पर्यंत, म्हणजे अडीच वर्षांत, एक लाखावी थार कारखान्यातून बाहेर पडली.

जीपच्या चेहऱ्याचा वाद या सुमारास अमेरिकेत पेटला होता. २०१८ मध्ये महिंद्राने तिथे रॉक्सर ही गाडी आणली. ती जुन्या थारवर बेतलेली, मिशिगनमधल्या ऑबर्न हिल्समध्ये जोडली जाणारी, फक्त शेतात आणि रानात चालवायची, रस्त्यावर चालवण्याची परवानगी नसलेली गाडी होती. मूळ जीपची मालकी तोवर विलीजकडून कैसर, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्स, १९८७ मध्ये क्रायस्लर असा प्रवास करत फियाट क्रायस्लरकडे पोहोचली होती. त्या कंपनीने अमेरिकी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की रॉक्सरने जीपचे रूप उचलले आहे. परवाना घेऊन सत्तर वर्षे तेच रूप घडवत आलो, हा महिंद्राचा मुद्दा आयोगाला पुरेसा वाटला नाही. जून २०२० मध्ये मूळ रॉक्सरच्या आयातीवर आणि विक्रीवर बंदी आली. महिंद्राने पुढचा भाग बदलला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात बदललेल्या गाडीला आयोगाने मोकळीक दिली. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातही नव्या थारवरून असाच तंटा उभा राहिला, तेव्हा आपण त्या रूपातली थार तिथे विकणार नाही असे महिंद्राने सांगितले. गंमत म्हणजे त्याच वर्षी मूळ जीपची रँग्लर ही गाडी पुण्याजवळच्या रांजणगावात जोडली जाऊ लागली. एकाच पूर्वजाच्या दोन शाखा आता महाराष्ट्रातच, एक नाशिकला आणि एक रांजणगावला, तयार होतात. किमतीत मात्र त्यांच्यामध्ये कित्येक थार मावतील एवढे अंतर आहे.

थारचे यश पाहून इतरही जागे झाले. फोर्स मोटर्सने २०२१ मध्ये गुरखा नव्याने घडवली. तिला पुढे आणि मागे दोन्हीकडे चालकाच्या हाताने लागणारी डिफरन्शियल लॉक आहेत. डोंगरात ती थारला मागे टाकते असे मानणाऱ्यांची संख्या कमी नाही. जिप्सीच्या जागी मारुतीने २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आणली. ती हलकी, चपळ आणि सगळ्या आवृत्त्यांत फोर व्हील ड्राइव्ह देणारी गाडी, पण थारसारखी गर्दी तिच्यामागे लागली नाही. भारतीय गिऱ्हाइकाला जीपमध्ये भारदस्तपणा हवा असतो आणि जिम्नीपाशी तो नव्हता, हे एक कारण सांगता येते.

आज थार दिसते ती मुख्यतः डांबरी रस्त्यावर. गोव्यात ती पर्यटकांना भाड्याने मिळणाऱ्या गाड्यांतली आवडती गाडी झाली आहे. समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेण्यास मनाई असूनही गोव्यात आणि कोकणात अशा गाड्या वाळूत रुतल्याच्या आणि पोलिसांनी चालकांवर गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या वारंवार येतात. बहुतेक वेळा दोष गाडीचा नसतो. ओल्या, पोकळ वाळूत टायरमधली हवा कमी करून हळू जावे लागते, आणि भरतीची वेळ ठाऊक असावी लागते. ट्रान्स्फर केसचा लिव्हर ओढला की हे ज्ञान आपोआप येत नाही.

कंपनीलाही हे गिऱ्हाईक कोण आहे याचा अंदाज होताच. जानेवारी २०२३ मध्ये तिने फक्त मागच्या चाकांना जोर असलेली, १.५ लिटर डिझेलची थार ९ लाख ९९ हजारांच्या आरंभीच्या किमतीत आणली. मुळात जी गाडी चार चाकांसाठी ओळखली जायची तिचे दोन चाकांचे रूप चालेल का, ही शंका लवकरच फिटली. ऑगस्ट २०२४ मध्ये थार रॉक्स आली. तिला पाच दारे आहेत आणि तिच्या दोन एक्सलमधले अंतर २,८५० मिलिमीटर आहे, म्हणजे विलीजच्या ८० इंचांपेक्षा ८० सेंटिमीटरहून जास्त. ३ ऑक्टोबरला नोंदणी उघडली तेव्हा पहिल्या तासाभरात कंपनीकडे १ लाख ७६ हजारांहून अधिक नोंदण्या आल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भारत एनकॅपच्या चाचणीत रॉक्सला पाच तारे मिळाले. चारही चाकांचा जोर रॉक्समध्ये फक्त डिझेल इंजिनासोबत मिळतो. पेट्रोल रॉक्स घेणाऱ्याला तो मागूनही मिळत नाही.